नागपूरहून एकट्याने सायकलवर लांब जायचं आहे. वाटेत लोक थांबवून फार चौकशा करतात, त्रास होतो असं ऐकलं. त्यापेक्षा सरळ मनाली-लेह करावं का?

तुम्ही प्रश्नाखाली आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: सायकल कोणती घ्यावी आणि मुक्काम कुठे करावा. त्यांची उत्तरं खाली देतो, ती चार ओळींची आहेत. पण "लोकांचा त्रास" हे शब्द मी नागपुरातल्या फुटाळा तलावावर इतक्या वेळा ऐकले आहेत की आता गप्प बसवत नाही.

आमचा रविवारचा सायकलवाल्यांचा घोळका तिथे चहाला थांबतो. त्यातला एक मित्र, ज्याच्या पायात माझ्याहून कितीतरी जास्त दम आहे, एकदा उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध, साकोली, भंडारा अशी गोल फेरी करून आला. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास होते. आल्यावर म्हणाला, "काही नाही यार तिकडे. धान, धान आणि धान. त्यात जो तो थांबवून विचारतो, सगळा ॲव्हरेज गेला." त्याच्या थोडंच आधी मी तीच फेरी करून आलो होतो. तोच रस्ता, तेच धान. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे तो मिटलेला नाही, आणि तुमचा प्रश्न वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू आला.

तर "काही नाही" म्हणजे काय काय, ते आधी ऐका.

दिघोरी सोडल्यावर उमरेडपर्यंतचा रस्ता ट्रकांचा आहे. उमरेडला कोळशाची खाण आहे, त्यामुळे डम्पर असतात. तिथे कडेने गुपचूप निघून जायचं. भिवापूरपासून मजा सुरू होते. दिवाळीनंतर मिरची यायला लागली की तिकडे सातरे, म्हणजे मिरची निवडायच्या जागा, लागतात. बाया रांगेने बसून देठ खुडतात, नाकातोंडाला फडकं गुंडाळलेलं, पुढ्यात लालभडक ढीग. वारा तुमच्या दिशेला असला की सातरा दिसायच्या आधीच ठसका लागतो. मी खोकत थांबलो तर एकीने बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "पानी पिऊ नोका जी, गूर खा!" आणि पदराची गाठ सोडून गुळाचा खडा एका पोराच्या हाती पाठवला. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या पट्ट्यात, 'ळ'चा 'र' होतो आणि 'जी' प्रत्येक वाक्याला लागतो. दहा मिनिटं तिथे गेली. ती मी वेग मोजणाऱ्या कुठल्याही ॲपला परत देणार नाही.

पुढे नागभीडपर्यंत रेल्वेची लाइन अधूनमधून दिसत राहते. इतवारी-नागभीडची नॅरोगेज गाडी 2019 मध्ये बंद झाली, रूळ मोठे करायचं काम निघालं. फाटकाजवळच्या चहावाल्याकडे बसलेले एक बाबाजी मला अजून त्या गाडीच्या वेळा सांगत होते. सायकल बघून म्हणाले, "तुमची गाडी बरी, हिला सिग्नल नाई लागत."

ब्रह्मपुरीच्या आधीपासून बांध्या आणि बोड्या सुरू होतात. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, बोडी म्हणजे छोटं तळं, हे तुम्हाला माहीत असेलच. दिवाळीनंतर धान कापून पुंजणे (पेंढ्यांचे ढीग) रचलेले असतात, तणसाचा वास रस्त्यावर येतो, आणि तलावांत ढिवर, म्हणजे मासेमार समाजाची, माणसं छोट्या डोंग्यांतून सिंगाडे काढत असतात. रस्त्याच्या कडेला उकडलेले काळे सिंगाडे टोपलीत. एका मावशीने मला दोन टोकांच्या काट्यांना हात न लावता सिंगाडा कसा धरायचा आणि सुरी कुठे लावायची ते करून दाखवलं. मी विकत घेतले तेवढ्याचे पैसे घेतले, शिकवताना सोलले ते मात्र मोजू दिले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. वडसा ओलांडून मी अर्जुनीच्या रस्त्याला लागलो होतो, दुपार कलली होती. मागच्या चाकातून 'टंग' असा आवाज आला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. चाकाची तार (स्पोक) तुटली होती, तीही फ्रीव्हीलच्या बाजूची. ज्याने सायकल चालवली आहे त्याला हे कळेल: त्या बाजूची तार बदलायची तर आधी कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) उतरवावी लागते, आणि त्याचं हत्यार खेड्यात कुठून येणार? सायकल हातात धरून पुढच्या गावात गेलो. चौकात चिंचेखाली सायकलचं दुकान होतं, पण मिस्त्री कुलूप लावत होते. गावात मंडई होती.

मंडई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाऊबीजेपासून भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात एकेका गावाची मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार (लोकनाट्य), रात्री नाटक. घरोघरी लेकी-जावई, सोयरे येतात. पोरापोरींच्या सोयरिकीसुद्धा तिथेच ठरतात. मिस्त्रींच्या घरी लेक-जावई येऊन बसले होते आणि हे कुलूप लावून घरी निघाले होते.

त्यांनी चाक एकदा फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुलूप परत काढलं.

सत्तरीच्या आसपासचे असतील. साध्या अठ्ठावीस इंची सायकलची एक तार घेतली, माझ्या चाकातल्या शेजारच्या तारेला लावून मापली. मग तिचं डोकं पक्कडीने कापून टाकलं आणि ते टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून दोनदा वाकवलं, आधी एकीकडे, मग उलट. तो आकडा त्यांनी कॅसेटच्या मागून तिरपा घालून हबच्या भोकात अडकवला. कॅसेट जागची हलली नाही. टायर-ट्यूब उतरवून निपल (तार रिमला आवळणारा छोटा नट) त्याच तारेचं बसवलं. नंतर सायकल उलटी करून चाक फिरवत ठेवलं आणि हातातला खडू रिमच्या अगदी जवळ स्थिर धरला. जिथे रिम बाहेर येत होती तिथे पांढरी रेघ उमटत होती. रेघेच्या उलट बाजूच्या तारांची निपलं पाव-पाव फेरा आवळायची, रेघेच्या बाजूची सैल करायची, परत चाक फिरवायचं. मधेच सगळ्या तारा बोटाने छेडत जायचे आणि एखादीचा सूर उतरलेला वाटला की तिथेच थांबायचे. शेवटी खडू रिमभर सारखा घासला गेला, म्हणजे आउट (चाकाचा वाकडेपणा) निघाला. नागपुरात हायड्रॉलिक स्टँड आणि आयात केलेली हत्यारं असलेली दुकानं मी पाहिली आहेत. इतका नीट निघालेला आउट मी फार कमी ठिकाणी पाहिला. त्या तारेवर मी घरी पोचलो आणि त्यानंतरही बरेच महिने ती बदलली नाही.

हे चाललं असताना अर्ध गाव जमलं. आणि तुम्ही ज्याला त्रास म्हणता तो सुरू झाला. कोनतं गाव? नागपूर? मंग सायकलीनं काहून? मोटारसायकल नाई का? डाक्टरनं सांगतलं का? सरकारनं पाठवलं का? पगार भेटते का याचा? एका आजीने विचारलं, "घरी भांडून आले का जी?" मी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं. एक पोरगा एका हाताने सायकल उचलून बघत होता, त्याच्यामागे बाकीच्यांची रांग लागली. हेल्मेट हातोहात फिरलं, शेवटी आजीच्या डोक्यावर बसलं. मिस्त्रींनी किंमत विचारली. मी खरी सांगितली, चाळीस हजार. ते खडू धरलेल्या हाताने थांबले आणि म्हणाले, "यवढ्यात तं गोऱ्ह्यांची जोडी येते. पर गोऱ्ह्याले चारा लागते. बरं केलं." कोणाच्या डोळ्यात हाव नव्हती, हेवा नव्हता. हिशोब होता, आणि तो पटल्यावर त्यांनी मान डोलावली.

माझा मित्र म्हणतो किंमत कधी खरी सांगू नये, दोन-तीन हजार सांगून मोकळं व्हावं. मला हे पटत नाही. ज्याच्या हातात तुम्ही चाक दिलं आहे त्याच्याशी खोटं का बोलायचं?

पैसे विचारले तर म्हणाले, "तारेचे वीस द्या. हाताचे नाई घेत, आज मंडई आहे, तुमी पाहुने." मी जास्त द्यायचा प्रयत्न केला तर रागावले. आणि पाहुणा म्हटल्यावर जाऊ देणं नव्हतंच. ओसरीत बाज टाकली, जावईबापूंच्या पंगतीत मला बसवलं. भात, वांग्याची रस्सा भाजी, लाखोरीच्या डाळीचे वडे. मी शाकाहारी म्हटल्यावर घरातल्या ताईंनी चुलीवरचा दुसरा गंज (पातेलं) माझ्याकडे ओढून घेतला, काही न बोलता.

रात्री सगळे नाटकाला. दहाच्या पुढे पडदा उघडला आणि उजाडेपर्यंत चाललं. ऑर्गन, तबला, गाणी, लावणी, रडारड, सगळं. वडशातून जाताना तुम्हाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आणि रंगीत बॅनर दिसतील. या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही खाली पोत्यावर, एकाच चादरीत मिस्त्री, त्यांचा नातू आणि मी. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढतात तो प्रवेश होता. मिस्त्री पुढचं वाक्य नटाच्या आधी पुटपुटत होते आणि डोळे पुसत होते. संध्याकाळी खडू धरलेली तीच बोटं.

आता माझ्या मित्राचं सांगतो. तो वडशाला लॉजवर नऊला झोपला आणि पहाटे चारला दिवे लावून निघाला. मंडईचेच दिवस होते. आसपासच्या कुठल्यातरी गावात त्याच वेळी तिसरा अंक रंगला असेल. त्याला ते माहीतही नाही, आणि तो मला सांगतो तिकडे काही नाही.

अर्जुनीपासून आत वळून गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्गेलिंग. 1972 पासून आहे. सागवानाच्या आणि बांबूच्या जंगलात अचानक पताका फडफडताना दिसतात. मी गेलो तेव्हा वसाहत अर्धी रिकामी होती, कारण हिवाळ्यात तरणी माणसं शहरांत स्वेटर विकायला जातात. एक आजोबा दारात ऊन खात जपचक्र फिरवत बसले होते. मी नागपूरचा म्हटल्यावर त्यांचं चक्र थांबलं. "माझी लेक तिकडंच आहे, स्वेटरच्या दुकानावर. तिला सांगा, पाय बरा आहे." मराठीत, तेही 'जी' लावून. परत आल्यावर मी ते दुकान शोधून काढलं आणि निरोप पोचवला. तेव्हापासून आमच्या घरचे स्वेटर तिच्याकडूनच येतात. मोटारीने गेलो असतो तर त्या आजोबांपुढून काच वर करून निघून गेलो असतो.

नवेगावबांधचा तलाव, कोहळी समाजाने बांधलेले इतर जुने तलाव, तिथले पक्षी यांवर इतरांनी भरपूर लिहिलं आहे, मी थांबत नाही. साकोलीपासून भंडाऱ्यामार्गे नागपूर हा हायवे आहे, शंभरेक किलोमीटर, उरकून टाकायचा.

मित्राचा एक मुद्दा आहे, तो मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. तो म्हणतो, आपल्याच नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण करून आले, ते काय टपरीटपरीवर गप्पा मारत गेले? नाही गेले. मला त्यांचा अभिमान आहे. पण ती शर्यत आहे, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांची मुदत, मागे गाडी आणि माणसं. बीआरएमचंही, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकल-फेऱ्यांचंही, तसंच, 200 किलोमीटरला साडेतेरा तास, कार्डावर शिक्के. मी त्या केल्या आहेत आणि तिथे मीही घड्याळाकडेच बघतो. पण शर्यतीचा नियम सहलीला लावायचा आणि मग गावाला दोष द्यायचा, हे मला मान्य नाही. बाबा आमट्यांनी 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली तेव्हा तरुण पोरंपोरी सायकलवरच होते. बसने कमी वेळ लागला असता. पण बसमधल्या माणसाला "कोनतं गाव" असं कोणी विचारत नाही. सायकलवाला धापा टाकत येतो, घामाघूम असतो, त्याला पाणी लागतं, म्हणून लोक त्याच्याशी बोलायला भीत नाहीत. हा त्रास नाही, सायकलवर निघण्याचं अर्ध कारण हे आहे. माझा मित्र हे वाचेल. वाच आणि खाली लिही.

लेहला अवश्य जा. पण पहिलीच मोठी सहल ती नको. वाटेतली टांगलांग ला ही खिंड 5,300 मीटरच्या वर आहे, तिथे विरळ हवेशी झगडण्यातच दिवस जातो, आणि रस्ता उन्हाळ्याचे थोडेच महिने उघडा असतो. लोक नकोत म्हणून तिथे जायचं असेल तर तेही चुकीचं. त्या वाटेवरच्या सरचूच्या तंबूवाल्याला तुमच्याशी बोलायचं नसेल असं तुम्हाला का वाटतं?

राहिलेली उत्तरं. सायकल: महागडी नको. साधी हायब्रीड चालेल, टायर जरा रुंद, मागच्या चाकाला 32 किंवा 36 तारा, मागे कॅरिअर. ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्वचीच घ्या. पातळ प्रेस्टा व्हॉल्वला गावातला पंप बसत नाही. फ्रीव्हीलच्या बाजूच्या मापाच्या दोन-तीन तारा सीटच्या नळीत टाकून ठेवा. मुक्काम: उमरेड, ब्रह्मपुरी, वडसा, साकोली, भंडारा इथे लॉज मिळतात. मध्ये अडलात तर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा, आधार कार्ड स्वतःहून दाखवा, शाळेची ओसरी किंवा समाजमंदिर मिळतं. नवेगावला राहायचं तर आधी बुकिंग करा.

आता दोन-तीन गोष्टी, ज्या मी आधीच लिहायला हव्यात असं काहींना वाटेल. ब्रह्मपुरीच्या जंगलपट्ट्यात आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला वाघ आहेत आणि माणसांवर हल्ले होतात. पहाटे, संध्याकाळी, रात्री त्या रस्त्यांवर सायकल काढायची नाही. चार वाजता निघणाऱ्या मित्राशी माझं खरं भांडण यावरूनही आहे. गावकरी म्हणाले "आता जाऊ नोका", तर वाद न घालता थांबायचं. मार्चनंतर ही फेरी करू नका, मेमध्ये पारा 45च्या वर जातो. आणि मी पुरुष आहे, हे सगळं एका पुरुषाचं सांगणं आहे. आमच्या घोळक्यातल्या एक ताई याच रस्त्याने जाऊन आल्या. त्यांना गावात बायांनी घरात नेऊन जेवू घातलं, पण हायवेच्या धाब्यावर त्यांना थांबावंसं वाटलं नाही, आणि मुक्काम त्यांनी सगळे आधीच ठरवले होते. तुमच्या प्रश्नातून तुम्ही कोण ते कळलं नाही, म्हणून सांगून ठेवलं.

भाऊबीजेनंतर जाणार असाल तर मंडईच्या तारखा वडशात कुठल्याही नाटक कंपनीच्या ऑफिसात विचारा, गावागावांचं बुकिंग त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. मिस्त्रींच्या गावाचं नाव इथे चारचौघांत टाकत नाही. जायचं पक्कं ठरलं की मेसेज करा, सांगतो. जाताना त्यांच्यासाठी चांगल्या पोलादाची एक निपल किल्ली घेऊन जा, त्यांची पार घासली आहे.